नर्तकीची वस्त्रे आणि कात्रीचा हक्क

१५ नोव्हेंबर १८६२ च्या रात्री पॅरिसच्या ऑपेरागृहात एका संगीतिकेची रंगीत तालीम चालू होती. तिच्यातील मूक नायिकेची भूमिका करणारी एमा लिव्री ही अवघी वीस वर्षांची नर्तकी आपला प्रवेश यायची वाट पाहत होती. घागऱ्याच्या तलम घोळाला चुण्या पडू नयेत म्हणून तिने तो किंचित वर झटकला आणि त्या झुळकीबरोबर जवळच्या गॅसच्या दिव्याची ज्योत कापडाला लागली. पेटलेल्या वस्त्रांनिशी ती रंगमंचावर धावत सुटली. लोकांनी आग विझवली तोवर तिच्या कॉर्सेटच्या पट्ट्या भाजलेल्या अंगात रुतल्या होत्या. आठ महिने यातना सोसून २६ जुलै १८६३ रोजी ती मरण पावली.

हा केवळ अपघात म्हणून सोडून देता आला असता. परंतु त्याची मागची हकीकत लक्षात घेण्याजोगी आहे. नर्तकींचे कपडे पेट घेण्याच्या घटना त्या काळी वारंवार घडत, म्हणून १८५९ मध्ये फ्रान्समध्ये सरकारी फर्मान निघाले होते की, रंगमंचावरील कपडे ज्वालारोधक द्रावणात बुडवूनच वापरावेत. अशा द्रावणातून काढलेले कापड ताठर होई आणि मळकट दिसे. लिव्रीने ते वापरण्याचे नाकारले होते आणि परिणामांची जबाबदारी आपल्यावर राहील असे व्यवस्थापकांना लेखी कळवलेही होते. म्हणजे वरवर पाहता निवड तिची होती. पण नर्तकी म्हणजे ढगाचा तुकडा, पिसासारखी निर्भार, देह असून नसल्यासारखी, ही कल्पना तिची नव्हती. ती ऑपेरागृहाची होती, आणि ऑपेरागृहाच्या मागे उभ्या असलेल्या धनिक वर्गणीदारांची होती. या वर्गणीदारांना नर्तकींच्या दालनात मुक्त प्रवेश असे व तेथे कोण कोणाला कशासाठी भेटे हे पॅरिसमध्ये गुपित नव्हते. ढगासारखे दिसावयाचे तर जाळ अंगावर घेण्याची तयारी ठेवावी लागे. लिव्रीने ती ठेवली.

पुढील साठ-सत्तर वर्षांत नर्तकीच्या वस्त्रांत जी उलथापालथ झाली तिची कथा सामान्यतः कपडे कमी होत गेल्याची कथा म्हणून सांगितली जाते. आधी कॉर्सेट गेले, मग बूट गेले, मग मोजे गेले आणि स्त्री मुक्त झाली, असा तिचा सोपा गोषवारा. तिचा निषेध करणारेही हेच माप वापरतात, फक्त शेवटच्या वाक्यात 'मुक्त' ऐवजी 'स्वैर' असे म्हणतात. हे माप दोन्ही हातांत सारखेच फसवे आहे. नर्तकीने किती कापड अंगावर ठेवले यापेक्षा ते कोणी बेतले आणि कात्री कोणाच्या हाती होती, या प्रश्नाने त्या काळाचा इतिहास अधिक उलगडतो.

याचा पहिला पुरावा म्हणजे लोई फुलर. आधुनिक नृत्याच्या आरंभीच्या या अमेरिकन बाईने कपडे कमी केले नाहीत, उलट वाढवले. १८६२ मध्ये शिकागोजवळच्या एका खेड्यात जन्मलेली, फिरत्या नाटकांतून व करमणुकीच्या खेळांतून वाढलेली, अंगाने ठेंगणी व स्थूल. बॅलेच्या कोणत्याही शाळेने तिला दारात उभे केले नसते. तिने पांढऱ्या रेशमाचा गजच्या गज कापडाचा झगा बनवला, त्यात हातभर लांब काठ्या शिवून घेतल्या आणि त्या काठ्यांच्या जोरावर ते कापड हवेत फिरवू लागली. वरून, बाजूंनी आणि पुढे तर रंगमंचाला काचा बसवून खालूनही रंगीत विद्युत्प्रकाश सोडला की प्रेक्षकांना कधी फुलपाखरू, कधी कमळ, कधी ज्वाला दिसे. बाई दिसतच नसे. नोव्हेंबर १८९२ मध्ये पॅरिसच्या फोली बेर्जेर या विलासी करमणूकगृहात, जेथे लोक नेमके बाई पाहण्यासाठीच जात, तेथे तिने हे नृत्य केले आणि पॅरिस जिंकले. लिव्रीला ज्वाळेने गिळले त्यानंतर तीस वर्षांनी त्याच शहरात एक स्त्री विजेच्या उजेडात ज्वाळा होऊन नाचत होती आणि सुखरूप घरी जात होती. गॅस जाऊन वीज आल्याचा हा लाभ स्त्रीमुक्तीच्या इतिहासात सहसा नोंदवला जात नाही.

फुलरची दुसरी बाजू कोर्टकचेरीची आहे. तिच्या नृत्याची नक्कल करणाऱ्या एका नर्तकीविरुद्ध तिने १८९२ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयात दाद मागितली. न्यायालयाने ती फेटाळली. या नृत्यात कथा नाही, पात्र नाही, भावना नाही, केवळ एका देखण्या स्त्रीच्या देखण्या हालचाली आहेत. त्यामुळे ही नाट्यकृती होत नाही आणि तिला स्वामित्वहक्काचे संरक्षण नाही, असा निर्णयाचा आशय होता. स्त्रीच्या देहाची हालचाल म्हणजे कल्पना नव्हे, ती नुसती शोभा, हे त्यात कायद्याच्या भाषेत सांगितले गेले. अमेरिकेच्या कायद्याने नृत्यरचनेला स्पष्ट शब्दांत संरक्षण दिले ते १९७६ मध्ये. फुलर मात्र खचली नाही. तिने झग्याचे पेटंट घेतले. १८९४ च्या त्या पेटंटात काठ्या कोठे शिवायच्या, घोळ कसा बेतायचा याचे आकृतीसह वर्णन आहे. नृत्यावर जो हक्क मिळाला नाही तो तिने शिवणकामावर मिळवला. पुढे तिने अंधारात चमकणाऱ्या वस्त्रांसाठी रासायनिक क्षारांचे प्रयोग केले, रेडियमविषयी क्युरी दांपत्याकडे विचारणा केली, आणि १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात स्वतःच्या नावाचे नाट्यगृह उभारले. नर्तकी, शिंपी, वीजतंत्री आणि मालक अशा चारही भूमिका एकाच बाईकडे असल्याचे दृश्य रंगभूमीला नवे होते.

रंगमंचाबाहेरच्या स्त्रीचे काय चालले होते, हेही पाहिले पाहिजे. देवमाशाच्या तोंडातील लवचिक पट्ट्या किंवा पोलादी सळ्या घालून पाठीमागे नाड्यांनी आवळलेले कॉर्सेट ही त्या काळच्या युरोप-अमेरिकेतील मध्यमवर्गीय स्त्रीची रोजची काचोळी होती. तिने श्वास अपुरा पडे, जिने चढताना भोवळ येई, आणि ही भोवळ नाजूकपणाचे लक्षण समजली जाई. लंडनमध्ये १८८१ मध्ये स्थापन झालेल्या सुबुद्ध पोशाखाचा पुरस्कार करणाऱ्या मंडळीने आतल्या कपड्यांचे वजन सात पौंडांपेक्षा, म्हणजे सुमारे सव्वातीन किलोंपेक्षा, अधिक असू नये असा दंडक घातला होता. सुधारकांनी घातलेली मर्यादा जर एवढी, तर सुधारणेपूर्वीचे ओझे किती असेल याची कल्पना करावी. त्याच्या तीस वर्षे आधी अमेरिकेत अमेलिया ब्लूमरबाईंनी आखूड झग्याखाली सैल विजार घालण्याचा पुरस्कार केला, तेव्हा त्यांची एवढी टवाळी झाली की अनेक पुढारी स्त्रियांनी तो पोशाख सोडून दिला. वेशाच्या चेष्टेत मतदानाचा मुद्दा वाहून जातो, असे त्यांचे म्हणणे होते. सुधारकांच्या पत्रकांनी जे साधले नाही ते साधण्यासाठी कोणीतरी तो पोशाख सुंदर करून दाखवणे आवश्यक होते.

ते इझाडोरा डंकनने केले. १८७७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला जन्मलेली ही मुलगी वडिलांनी टाकलेल्या, आईच्या संगीताच्या शिकवण्यांवर जगणाऱ्या घरात वाढली. १८९९ मध्ये ती लंडनला आली, ब्रिटिश म्युझियममधील ग्रीक कलशांवरील आकृत्यांपुढे तिने दिवस घालवले, आणि त्या आकृत्यांच्या अंगावर होता तसा खांद्यावर पिन लावलेला सैल अंगरखा घालून, अनवाणी, एकटी, नेपथ्याशिवाय नाचू लागली. संगीत घेतले ते शोपाँ, ग्लुक, बेथोव्हेन अशा थोरामोठ्यांचे. काही समीक्षकांना तिच्या उघड्या पोटऱ्यांपेक्षा या धार्ष्ट्याचाच राग अधिक आला. १९०३ मध्ये बर्लिनला दिलेल्या व्याख्यानात तिने बॅलेवर सरळ आरोप केला की, त्या झिरझिरीत घागऱ्यांखाली वाकडी झालेली हाडे आणि विकृत झालेले स्नायू आहेत. भविष्यकाळातील नर्तकीचा देह व बुद्धी दोन्ही मोकळी असतील, असे तिचे प्रतिपादन होते. अंगरखा हा तिच्या दृष्टीने वेश नव्हता, सिद्धांत होता.

तसे पाहिले तर हा सिद्धांत अगदी नवा नव्हता. १७३४ मध्ये लंडनच्या रंगमंचावर मारी साले या फ्रेंच नर्तकीने घेराचा सांगाडा आणि शिरोभूषण टाकून, केस मोकळे सोडून, साध्या मलमलीच्या वस्त्रात पुतळ्याचे जिवंत होणे नाचून दाखवले होते. लोकांनी वाहवा केली, आणि रंगभूमी पुन्हा जुन्या सांगाड्यांकडे वळली. एका स्त्रीने एकदा केलेली गोष्ट पुसून टाकणे सोपे असते. डंकनची गोष्ट पुसली गेली नाही, याचे कारण तिच्यामागे सुधारणेची चळवळ होती, शिकलेल्या स्त्रियांचा वर्ग होता आणि तिने शाळा काढली होती.

बायरॉइटची हकीकत या संदर्भात बोलकी आहे. १९०४ मध्ये कोझिमा वाग्नर यांनी आपल्या दिवंगत पतीच्या संगीतिकेत नृत्य करण्यासाठी डंकनला बोलावले. तिचा पारदर्शक अंगरखा पाहून मंडळी अस्वस्थ झाली. कोझिमाबाईंनी आतून घालण्यासाठी एक लांब पांढरा झगा तिच्याकडे पाठवला. डंकनने आत्मचरित्रात लिहिल्याप्रमाणे, आपण आपल्या पद्धतीने नाचू, नाहीतर नाचणारच नाही, असे उत्तर तिने धाडले, आणि आपल्याच वेशात नाचली. लिव्रीनेही व्यवस्थापकांना नकार दिला होता आणि डंकननेही दिला. दोहोंमध्ये चाळीस वर्षांचे अंतर आहे, पण खरे अंतर काळाचे नाही. लिव्रीने नकार दिला तो प्रेक्षकाला हवी तशी दिसण्यासाठी. डंकनने दिला तो प्रेक्षकाला काय हवे ते आपण विचारात घेणार नाही म्हणून.

तिच्या प्रभावाची एक गमतीदार खूण रशियात सापडते. १९०४ च्या अखेरीस ती सेंट पीटर्सबर्गला नाचली आणि तेथील तरुण नृत्यरचनाकार फोकिन प्रभावित झाला. १९०७ मध्ये त्याने प्राचीन विषयावरील बॅले बसवला. परंतु शाही रंगभूमीवर नर्तकींनी अनवाणी येण्यास मनाई! तेव्हा पायांवर घट्ट मोजे घालून त्या मोज्यांवर पायाची बोटे रंगवण्यात आली. नियमही पाळला गेला आणि अनवाणीपणाही. नोकरशाही आणि कला यांचा असा समेट आपल्याकडील कचेऱ्यांतील मंडळींना अपरिचित वाटू नये.

डंकनचा अंगरखा रंगमंचापुरता राहिला नाही. न्यूयॉर्कच्या बर्नार्ड महाविद्यालयात १९०३ पासून विद्यार्थिनींचे ग्रीक क्रीडामहोत्सव सुरू झाले, तेथे मुली सैल अंगरख्यांत धावत, नाचत. विस्कॉन्सिन विद्यापीठात मार्गारेट एच्‌डब्लर यांच्या प्रयत्नाने १९२६ मध्ये नृत्य हा पदवीचा विषय झाला. व्यवसाय म्हणून रंगमंचावर कधीच न जाणाऱ्या हजारो मुलींना श्वास पोटापर्यंत घेता येऊ लागला तो या वाटेने. नृत्याच्या इतिहासात या मुलींची नावे नाहीत. वस्त्राच्या इतिहासात मात्र त्यांचे स्थान मोठे आहे.

समाजाने या मोकळेपणाची किंमत वसूल केली नाही असे नाही. मॉड ॲलन ही मूळची कॅनडाची नर्तकी मण्यांची काचोळी व पारदर्शक घागरा घालून सालोमीचे नृत्य करीत असे. १९०८ मध्ये लंडनने तिला डोक्यावर घेतले, मँचेस्टरने बंदी घातली. १९१३ मध्ये तिचा हिंदुस्थानचा दौरा ठरला तेव्हा येथील इंग्रज मंडळींत खळबळ उडाली. लंडनच्या सभ्य स्त्रीपुरुषांनी जे पाहिले तेच नेटिवांनी पाहिले तर राज्यकर्त्या वंशाची प्रतिष्ठा राहणार नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. आक्षेप कपड्याला नव्हता, पाहणाऱ्याच्या कातडीला होता. १९१८ मध्ये एका खासदाराने आपल्या पत्रात तिच्या चारित्र्यावर शिंतोडे उडवले. तिने अब्रुनुकसानीची फिर्याद केली, पण खटला उभा राहिला तो जणू तिच्यावरच, आणि खासदार निर्दोष सुटला.

या नव्या नर्तकींच्या मोकळ्या वेशांचे कापड कोठून आले, हा प्रश्नही अडचणीचा आहे. डंकनने ते ग्रीसकडून घेतले, तर रूथ सेंट डेनिसने आपल्याकडून. १९०४ मध्ये सिगारेटच्या जाहिरातीवरील इजिप्शियन देवतेचे चित्र पाहून तिला पौर्वात्य नृत्याची स्फूर्ती झाली. दोन वर्षांनी तिने 'राधा' हे नृत्य बसवले. त्यातली राधा मंदिरातील मूर्ती होती, संगीत फ्रेंच होते, आणि उघडे पोट, दागिने, अनवाणी पाय हे सारे 'धार्मिक' असल्यामुळे अमेरिकन प्रेक्षकांना निर्धास्तपणे पाहता आले. आपल्या गावच्या बाईने तसे केले असते तर पोलीस आले असते. देवीने केले म्हणून चालले. १९११ च्या दौऱ्यात तिच्याबरोबर बडोद्याच्या मौलाबक्षांचे नातू इनायत खाँ आणि त्यांचे बंधू साथीला होते. या थोर गायकवादकांवर अमेरिकन 'राधे'च्या आगेमागे वाजवण्याची वेळ आली, हे चित्र फारसे सुखावह नाही.

कारण याच काळात खऱ्या हिंदी नर्तकीच्या नशिबी काय होते? १८९२ मध्ये फुलर पॅरिसला गाजली. १८९३ मध्ये मद्रासच्या समाजसुधारकांनी व्हाइसरॉय व गव्हर्नर यांना अर्ज केला की, नाचाच्या समारंभांना त्यांनी हजर राहू नये. मुंबई इलाख्यात १९३४ मध्ये देवदासी संरक्षणाचा कायदा झाला. या सुधारकांच्या हेतूबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. देवदासींचे शोषण खरे होते. तथापि पश्चिमेतील स्त्री पूर्वेकडचे वस्त्र लेऊन मुक्तीचा श्वास घेत असताना, ज्या स्त्रीचे ते वस्त्र होते तिच्या पायाखालचा मंच निघून जात होता, आणि तिला काय हवे हे विचारण्याची गरज बहुतेकांना भासली नाही. सेंट डेनिस १९२६ मध्ये आपल्या मंडळीसह हिंदुस्थानात आली आणि तिने येथेच 'नाच' करून दाखवला तेव्हा शिकलेल्या वर्गाने टाळ्या वाजवल्या. घरच्या मुलीला ती विद्या शिकवण्यास त्यांतले किती जण तयार होते, हा प्रश्न वेगळा.

महाराष्ट्राची गंमत तर याहून निराळी. डंकन युरोप गाजवीत होती त्याच सुमारास, १९०५ मध्ये, बालगंधर्व किर्लोस्कर मंडळींत दाखल झाले. पुढे घरंदाज स्त्रिया त्यांच्या शालूंची, दागिन्यांची, गजऱ्यांची नक्कल करू लागल्या. कुलीन स्त्रीने रंगमंचावर येणे अशिष्ट, पण तिने काय नेसावे हे रंगमंचावरचा पुरुष ठरवणार! बालगंधर्वांच्या कलेविषयी यात अनादर नाही, असणे शक्यही नाही; परंतु कात्रीच्या हक्काचा प्रश्न विचारावयाचा तर हे उदाहरण टाळता येत नाही. घरंदाज स्त्रीने स्वतः नाचण्याचा मार्ग मुंबईत दाखवला तो मेनका या नावाने ओळखल्या जाणाऱ्या लीला सोखे यांनी. हाफकिन संस्थेचे संचालक साहिबसिंग सोखे यांच्या त्या पत्नी. कथकाला त्यांनी प्रतिष्ठेच्या रंगमंचावर आणले, १९३६ मध्ये बर्लिनपर्यंत नेले, खंडाळ्याला नृत्यशाळा काढली. दमयंती जोशी त्यांच्याच तालमीत वाढल्या.

पॅरिसच्या शांजेलिझे नाट्यगृहाच्या दर्शनी भिंतीवर बुर्देल या शिल्पकाराने डंकनवरून स्फुरलेली नर्तकी कोरली आहे. १९२५ च्या ऑक्टोबरात त्याच इमारतीत जोझेफिन बेकर ही एकोणीस वर्षांची कृष्णवर्णीय अमेरिकन मुलगी पिसे बांधून नाचली आणि पुढच्या वर्षी फोली बेर्जेरमध्ये कापडी केळ्यांचा घागरा घालून. अंगावर तिच्याइतके कमी कपडे डंकननेही कधी घातले नव्हते. पण तिने काय ल्यावे हे तेव्हा ठरवीत होते ते खेळाचे चालक, कारण गोऱ्या प्रेक्षकांना 'जंगल' पाहावयाचे होते. डंकनला तिच्याविषयी आपुलकी वाटावी, असे आज कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात डंकनने आपल्या लिखाणात जाझ आणि कृष्णवर्णीयांच्या लयीचा तिरस्कारच केला आहे. अंगरखा सर्वांसाठी शिवलेला नव्हता. बेकरने स्वतःच्या पसंतीचा वेश पुढे मिळवला: ऑगस्ट १९६३ मध्ये वॉशिंग्टनच्या नागरी हक्क मोर्चापुढे ती बोलायला उभी राहिली ती स्वतंत्र फ्रेंच सैन्याचा गणवेश आणि त्यावर युद्धात मिळवलेली पदके लावून.

डंकनचा मृत्यू १९२७ मध्ये नीस येथे मोटारीच्या चाकात गळ्यातील लांब शाल अडकून झाला, आणि नीतिवादी लेखणींना तो आयताच दृष्टान्त मिळाला. त्यात वेळ घालवण्याचे कारण नाही. तिच्या आधीच्या वर्षी न्यूयॉर्कमध्ये मार्था ग्रॅहमने आपला पहिला स्वतंत्र कार्यक्रम केला होता. सेंट डेनिसच्या शाळेत शिकलेल्या या मुलीने तेथील साड्या, मणी आणि पंखे सारे टाकून दिले. हाती पैसा नव्हता. स्वस्त जर्सीचे कापड आणून ती वेश स्वतः बेतू लागली. तिला सुंदर दिसावयाचे नव्हते. ग्रीक नाही, हिंदू नाही, ढगासारखे तर नाहीच.

जानेवारी १९३० मध्ये तिने शोकावरचे नृत्य सादर केले. ताणल्या जाणाऱ्या कापडाची एक नळी, तिच्यात शिरलेली स्त्री, खाली एक बाक. चेहरा, हात आणि पाऊल एवढेच बाहेर. नृत्यात बहुतेक वेळ ती बाकावरून उठतही नाही. गुडघा वळला की कापडाला कोन येतो, कोपर ढकलले की तिरपी रेघ उमटते, पाठ वाकली की सगळे कापड एका बाजूला ओढले जाते. लिव्रीच्या घागऱ्यात देह नाहीसा व्हायचा होता, फुलरच्या रेशमात तो लपला होता. येथे तो आतून कापड ताणत राहतो आणि दुःख नेमके कोठे ओढते आहे हे शेवटच्या रांगेतल्या माणसालाही दिसते. ग्रॅहमने सांगितले आहे की, एका प्रयोगानंतर एक बाई तिला आत येऊन भेटली. आपले मूल डोळ्यांदेखत मोटारीखाली गेले तेव्हापासून तिला रडू आले नव्हते. त्या संध्याकाळी ते आले.